पट्ट्यावरून पुळणीवर

रत्नागिरीतल्या एका व्यायामशाळेत दुपारी एक तास फक्त बायकांसाठी असे. दोन वर्षं आम्ही नणंद-भावजय तिथे ट्रेडमिलवर पळत होतो. नणंदेला शुगर निघाली तेव्हापासूनची ही सवय. बंद हॉल, वर पंखा, कोणाची नजर नाही. मग तो तास बंद झाला. मशीन विकत घ्यायची ऐपत नाही आणि घरात जागाही नाही. नणंद म्हणाली, "भाभी, आरे-वारेला जाऊ या का? रविवारी, फजर झाली की."

शहरापासून दहा-बारा किलोमीटर, गणपतीपुळ्याच्या सागरी रस्त्यावर. अडचण अंतराची नव्हती. सासूबाईंनी विचारलं, "बायकांनी आता उघड्यावर पळायचं?" आम्ही त्यांना हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आठवून दिली. प्रवासात प्रेषित (स.) त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावतात, एकदा त्या जिंकतात, पुढे कधीतरी प्रेषित (स.) जिंकतात आणि त्या हारीची परतफेड झाली म्हणतात. तीही उघड्यावरचीच शर्यत. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा डंपर नव्हते. रस्त्यावर नको, पुळणीवर पळा."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मशीनवर ताशी ८ किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास सहज जायचा. इथे सातव्या मिनिटाला आम्ही दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या! दोष दमाचा नव्हता. पट्ट्याचा वेग मोटार ठरवते, पाय फक्त तिच्यामागे जातात. उघड्यावर वेग आपल्याला ठरवावा लागतो, आणि मोकळं दिसलं की माणूस सुरुवातीलाच उधळतो. शिवाय समोरची हवा कापावी लागते. म्हणून तर जाणकार ट्रेडमिलला एक टक्का चढ द्यायला सांगतात. भुसभुशीत वाळू तर फारच महाग पडते. १९९८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा कठीण जमिनीपेक्षा वाळूवर त्याच वेगाने धावायला सुमारे १.६ पट ऊर्जा लागली. आम्ही नेमक्या कोरड्या वाळूत शिरलो होतो.

तेव्हापासून आकड्यांचा नाद सोडला. बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. नणंदेशी वाक्य पुरं करता आलं नाही तर चालायचं. सुरुवातीला दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. आता वीस मिनिटं सलग होतात.

खरी युक्ती आहे ती ओल्या वाळूची. पाणी मागे सरलं की राहणारा पट्टा घट्ट असतो, पाय रुतत नाही. तो केव्हा मिळेल हे भिंतीवरच्या इस्लामी कॅलेंडरवरून कळतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे ती चंद्राच्या तारखेने चालते. आपल्याकडे चांदाच्या १-२ तारखेला आणि १४ ते १६ च्या सुमारास पहाटे ओहोटी असते, पुळण रुंद मिळते. ८-९ किंवा २२-२३ ला त्याच वेळी भरती, मग घट्ट वाळू थोडीच उरते. कोळ्यांच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक. आम्ही भूगोल शिकवूनही पहिल्यांदा पायांनी शिकलो.

पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने गेलं तर एका गुडघ्यावर भार येतो. जितकं जाल तितकंच परत या. पाण्यात मात्र घोट्यापुढे जाऊ नका. इथला समुद्र फसवा आहे, माणसं बुडाली आहेत. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी धावावं की नाही हे डॉक्टरांना विचारा. आमच्या नणंदेच्या खिशात खजूर असतात. कपड्यांचं म्हणाल तर ढगळ सुती कुर्ता-पायजमा आणि पिन लावून घट्ट बांधलेली ओढणी. पहिल्या महिन्यात एक-दोन गाड्या थांबल्या, लोकांनी पाहिलं. नंतर कोणी थांबलं नाही.

हल्ली सासूबाईही येतात. सुरूच्या सावलीत चहाचा थर्मास घेऊन बसतात. शनिवारी रात्री, भांडी आवरताना, विचारतात, "उद्या चांदाची कितवी?"