पानाचा सांडवा

हिरव्या पानाला ‘क्वांटम संगणक’ ठरवणाऱ्या लेखांचे पीक या आठवड्यात पुन्हा तरारून आले, आणि 2007 च्या एका प्रयोगाचीच आरती त्यांत ओवाळलेली होती. हरित गंधक-जीवाणूंच्या एफएमओ या रंजक-प्रथिनात, म्हणजे हरितद्रव्याचे रेणू ठरावीक अंतरावर धरून ठेवणाऱ्या प्रथिनात, उणे 196 अंश सेल्सिअसला दिसलेली आंदोलने निदान 660 फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचे 660 दशलक्षांश) टिकली, म्हणून ऊर्जा सगळ्या वाटा एकाच वेळी चाचपते असे मानले गेले. 2017 मध्ये नेहमीच्या तापमानाला मोजणी झाली तेव्हा त्यासाठी लागणारी क्वांटम सुसंगती, म्हणजे लहरींचा मेळ, सुमारे 60 फेम्टोसेकंदांतच विरत असल्याचे आढळले. तरीही शाम्पूपासून ज्योतिषापर्यंत जे ‘क्वांटम’ बिरूद सर्रास चिकटवले जाते, ते पानाच्याच कपाळावरून कोण पुसणार?

पानाचे खरे कसब ऊर्जा टाकून देण्यात आहे. पालकाची पाने स्पिरिटमध्ये चुरगळून त्या हिरव्या द्रावावर नोटा तपासण्याचा जांभळा दिवा धरला, तर द्राव लालभडक चमकतो, कारण प्रथिनापासून सुटलेल्या हरितद्रव्याला शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत फेकण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. अखंड पान त्याच दिव्याखाली जवळजवळ निस्तेज राहते. त्यातील प्रकाशग्राही प्रथिनाच्या प्रत्येक घटकात हरितद्रव्याचे 14 आणि कॅरोटिनॉइड या पिवळसर रंजकांचे 4 रेणू इतके खेटून बसवलेले असतात की ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या घेत अभिक्रिया केंद्राकडे, म्हणजे रासायनिक काम जेथे सुरू होते तेथे, पोचते.

मंद उजेडात ही व्यवस्था चोख चालते. भर दुपारी मात्र येणारी ऊर्जा केंद्राच्या कुवतीबाहेर जाते, आणि अडून राहिलेली ऊर्जा प्राणवायूला मिळाली तर त्याचे विध्वंसक रूप तयार होऊन प्रथिनेच जळतात. येथे धरणाचा दाखला चपखल बसतो, कारण धरणाची सुरक्षितता जशी भिंतीच्या उंचीइतकीच सांडव्यावर अवलंबून असते, तसे पानाचे जगणे ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देणाऱ्या दारांवर अवलंबून असते. फरक असा की धरणावर पातळी वाचून दरवाजे उचलणारा अभियंता लागतो, तर पानात साठणारी गोष्टच दार उघडते: प्रकाशाच्या कामातून थायलाकॉइड या पापुद्र्यासारख्या पिशवीत आम्लता वाढते, ती पीएसबीएस हे प्रथिन ओळखते, आणि त्याच आम्लतेने जागे झालेले विकर व्हायोलाझँथिनचे झियाझँथिन या ऊर्जानाशाला साहाय्य करणाऱ्या रंजकात रूपांतर करते. दाखला आणखी ताणला तर मोडतो, कारण सांडव्याचे पाणी खाली कोणाच्या तरी शेतात जाते. ही उष्णता हवेतच जाते.

खोच दार मिटण्यात आहे. ढग आला तरी पूर ओसरल्याची खबर न लागलेल्या दारवानासारखे पान कित्येक मिनिटे ऊर्जा सांडतच राहते. हे मिटणे वेगवान करण्यासाठी तीन जनुके वाढवलेल्या तंबाखूने 2016 मध्ये सुमारे 15 टक्के अधिक वाढ दाखवली, आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इलिनॉयमधील सोयाबीनच्या चाचण्यांत काही वाणांचे उत्पादन 33 टक्क्यांपर्यंत वाढले, तेव्हा दार लवकर मिटले की पीक वाढतेच असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच सोयाबीनचे पीक पुढच्या हंगामात आडवे पडल्याने ठळक फरक दिसला नाही, आणि तीच जनुके घातलेले अरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळांचे लाडके रोपटे तर मुळीच फोफावले नाही. दार किती लवकर मिटावे, हे बहुधा प्रत्येक वनस्पतीने आपापल्या ढगांशी ठरवलेले असावे.