फराळाच्या ताटातील परदेश

दिवाळी दारात येऊन ठेपली आहे आणि घरोघरी फराळाचे घाणे निघू लागले आहेत. बाजारात मात्र आम्हांस निराळे दृश्य दिसते. लक्ष्मीपूजनाच्या ताटासाठी किवी आणि वॉशिंग्टनची सफरचंदे हवीत, भेटीच्या खोक्यात कॅलिफोर्नियाचे बदाम हवेत. शेजारच्या पाटीतील बीडची सीताफळे उन्हात काळी पडत असतात.

परदेशी तेवढे निषिद्ध, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणावयास आम्हांस तोंडच नाही. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातील. ज्याची आम्ही कड घेतली ते सीताफळही तिकडचेच! परंतु ती येथील मातीत रुजली, येथील शेतकऱ्याच्या घामावर वाढली, म्हणून देवापुढील ताटात बसली. हिंग तर शतकानुशतके अफगाणिस्तान-इराणातून येत आहे. लाहौलच्या खोऱ्यात त्याची लागवड २०२० साली कोठे सुरू झाली.

आमची खंत आहे ती तेलाविषयी. आज असंख्य घरांतील चकली नि शेव ज्यात तळली जाते ते पामतेल बहुतांशी इंडोनेशिया-मलेशियातून येते. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयातीचे आहे. १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि पुढील दशकाच्या आरंभी आपण स्वयंपूर्णतेच्या उंबरठ्यावर पोहोचलो होतो. १९९४ साली पामोलिनच्या आयातीस मोकळीक मिळाली. स्वस्त तेल आले. सोलापूर-मराठवाड्यातील करडईची शेते मात्र आक्रसत गेली. ह्या स्वस्त तेलामुळेच कित्येक गरिबांच्या चुलीवर सणाला कढई चढली, हेही तितकेच खरे, आणि त्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाही.

आमचे सांगणे आहे ते पाहुण्यांपुढे किवीच्या फोडी मांडण्याची ऐपत असलेल्या घरांस. विकतच्या फराळाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत तेलाचे नाव छापलेले असते. ते वाचून पाहावे. निदान नैवेद्यापुरते तरी लाकडी घाण्यावरील करडईचे वा शेंगदाण्याचे तेल आणावे. ते महाग पडेल, हे आम्ही जाणतो. मग चकलीचा एक घाणा कमी निघाला तरी चालेल.