माझे मत : ठोकळ्यांची गाडी चित्रासारखीच हवी का?

प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून अवकाशयानं, परग्रहावरच्या गाड्या, उडत्या रिक्षा असं काहीबाही स्वतःच्या मनाने बनवायचा छंद जगभर अनेकांना आहे. मोठ्या माणसांनाही आहे बरं का! त्याबद्दल माझं एक मत आहे आणि ते बनायला माझीच चूक कारणीभूत आहे.

तलासरीकडच्या आमच्या शाळेला कुणीतरी ठोकळ्यांचा खोका भेट दिला. वर चंद्रावरच्या गाडीचं चित्र, आत जोडणीची पुस्तिका. सहावीतल्या एका मुलाने पुस्तिका बाजूला ठेवली आणि भलतंच काही जोडलं. मागची चाकं मोठी, पुढची लहान, वर पन्हळीसारखा लांब भाग. मी म्हटलं, "अरे, चित्रात असं कुठे आहे? सोड ते, नीट बघून कर." त्याने मुकाट्याने सोडलं. चित्रातली गाडी तयार झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने नाही वाजवल्या.

मधल्या सुट्टीत विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, ती मंगळावर पाणी शोधणारी गाडी होती. चढ चढायला चाकं ट्रॅक्टरसारखी. पाणी लागलं की पन्हळीतून खाली पाड्यावर येणार."

मार्चनंतर त्याच्या पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन टेकडी उतरतात. त्याची मंगळाची गाडी तिथूनच निघाली होती, आणि ती मी मोडायला लावली.

आता गंमत बघा. डेन्मार्कच्या लेगो कंपनीचा ठोकळा आजच्या रूपात १९५८ साली आला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. आठ गोल उंचवट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाखांहून जास्त प्रकारे जोडता येतात, असं गणितज्ञांनी मोजलंय. सहांत एवढं, मग शंभरांत किती? आणि आम्ही गुरुजी खोक्यावरचं एकच चित्र धरून बसतो!

पुस्तिका वाईट असते असं मी म्हणत नाही. गवंडी जसा विटांचे उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसंच इथेही करावं लागतं, नाहीतर यान उचलताच दोन तुकडे. हे पुस्तिकेतून पटकन कळतं. एकदा जोडून बघावं, मग ती कपाटात ठेवावी.

"पण सर, हे संच महाग असतात," असं पालक म्हणतात. असतातच, मोठा संच हजारोंत जातो. पण आपल्याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीच्या महागड्या साधनांवर अडून न राहता खडे, शिंपले, बिया, पानं घेऊन बालवाडी चालवली. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं ते काम पुढे कोसबाडला आलं. ताडगोळ्याच्या टरफलांची दोन चाकं आणि मध्ये काठी, ही गाडी तर इथल्या पोरांना कुणी शिकवावी लागत नाही. त्यामुळे ठोकळे कमी पडले की आमच्या वर्गात काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणं, करवंट्या चालतात.

गेल्या वर्षी एका मुलीने बुलेट ट्रेन केली. ती गाडी आपल्या तालुक्यांतून जाणार, पण बोईसरनंतरचं स्टेशन थेट वापी. डहाणूला नाही, तलासरीला नाही. तिने शेवटचा डबा असा जोडला की गाडी न थांबता तो एकटाच सुटून मागे राहील. "आमचं गाव आलं की आम्ही डब्यासकट उतरू," म्हणाली. असं कुठल्या पुस्तिकेत सापडेल, सांगा.

पन्हळीवाल्या मुलाला मी नंतर खोका परत दिला. ती गाडी पुन्हा कर म्हटलं. त्याने बराच वेळ ठोकळे चाळले. "सर, तशी नाही आठवत आता," म्हणाला आणि दुसरीच केली. तिला पन्हळ नव्हती.