आधी पातं, मग मशीन

"स्क्रोल सॉ घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पाती कुठली घेणार? समोरचा गप्प. आपल्या आयटीवाल्यांची खोडच ही, आधी मशीनचे आकडे!

माझ्या मते मशीन साधं चालेल, फक्त त्यात बिनपिनचं पातं बसायला हवं. दारावरची मराठी पाटीच घ्या. देवनागरीत मजा अशी की शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकसंध निघतं (अनुस्वार तेवढा गळून पडतो, तो नंतर चिकटवायचा). पण 'व'चं पोट कोरायचं तर आधी भोक पाडून पातं त्यातून ओवावं लागतं. 'ब'च्या पोटात तर तिरकी रेघ, म्हणजे दोन भोकं. पिनवाल्या पात्याला भोक मोठं लागतं, आणि बारीक अक्षराला तेवढं पोटच नसतं! बिनपिनचं सहज जातं. दाते खालच्या दिशेला, आणि ताण इतका की टिचकी मारली की पातं टणकन वाजलं पाहिजे. लाकूड रेटू नका, पातं वाकतं आणि काप तिरका जातो. जळका वास यायला लागला की बहुतेक पातं बोथट झालंय. सरळ फेकून द्या, तिथे कंजूषी नको.

फिनिशिंगला मी जवसाचं तेल लावतो. झकास दिसतं. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. फ्लॅटमध्ये तर अजिबातच नाही. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.