बृहन्महाराष्ट्र मंडळाला खुले पत्र : शेजारच्या कॉलेजातला रंगमंच

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सदस्य,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका



२०२४ चे अधिवेशन आमच्या सॅन होजेत झाले. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या मेळाव्यात नाटक असतेच, आणि ते भल्यामोठ्या सभागृहात असते. मुंबई-पुण्याचे कलावंत येतात, लोक रांगा लावून आत शिरतात, मध्यंतरात चहा मिळतो. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन अधिवेशनांच्या मधल्या सातशे दिवसांबद्दल.

त्या सातशे दिवसांत अमेरिकेतली मराठी माणसे नाटक करत नाहीत असे नाही. चिकार करतात. यांतल्या कित्येकांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी रात्री जागवलेल्या असतात आणि भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभे राहून पोटात गोळा आलेला असतो. इथे ते नोकरी सांभाळून चार-चार महिने कुणाच्या तरी गॅरेजमध्ये तालमी करतात. मग एका शनिवारी हायस्कूलचे पाचशे खुर्च्यांचे सभागृह भाड्याने मिळते. सकाळी ताबा, दुपारी घाईघाईत रंगीत तालीम, संध्याकाळी प्रयोग आणि रात्री दहाला किल्ली परत. पहिला प्रयोग तोच शेवटचा. आमचे नट कच्चे नसतात हो, पण त्यांना दुसरा प्रयोग कधी मिळतच नाही. कुठल्या वाक्यावर थांबायचे आणि कुठला हशा गिळून पुढे जायचे, हे तालमीत कळत नाही. ते चौथ्या-पाचव्या प्रयोगाला प्रेक्षक शिकवतो.

प्रकाशयोजना आणि नेपथ्याबद्दल तर बोलायलाच नको. संहितेवर चार महिने खर्च होतात आणि लाइट्सच्या वाट्याला चार तास येतात. त्यामुळे सगळ्या एकांकिका एकाच पिवळ्या उजेडात होतात, मग प्रसंग लग्नघरातला असो की स्मशानातला.

यावर उपाय बहुतेकांच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. मी कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून इथलेच सांगतो. इतर राज्यांतले नियम वेगळे असतील. या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. प्रवेशासाठी चाळण नाही, वयाची वरची अट नाही. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी नाट्य विभाग आहे आणि मोठ्या नाट्यगृहाच्या जोडीला एक छोटा स्टुडिओ रंगमंचही असतो. काळ्या भिंती, काळी जमीन, डोक्यावर दिवे टांगायला लोखंडी जाळी. पडदा नाही, ठरलेले व्यासपीठ नाही. शंभराच्या आसपास खुर्च्या, त्याही हलवता येणाऱ्या. आज प्रेक्षक तीन बाजूंनी, पुढच्या नाटकाला समोरासमोर दोन रांगांत.

अशा एका कॉलेजात विद्यार्थ्यांचे नाटक पाहिले. नाटक बेताचे होते. पण ते दोन आठवडे चालू होते आणि मी शेवटच्या दिवशी गेलो होतो, तोवर मुले त्यात मुरलेली होती. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे बारीक तुकडे होते, प्रत्येक खुर्चीच्या पायाची जागा ठरलेली. दिव्याचा प्रत्येक बदल स्टेज मॅनेजर मुलगी कानाला हेडफोन लावून, वहीत बघून, आधी सावध करून मग सोडत होती. प्रयोग संपल्यावर खरी गंमत झाली. टाळ्या थांबल्या आणि दहा मिनिटांत नायक-नायिका जुने कपडे आणि जाड तळाचे बूट घालून हातात ड्रिल घेऊन आले. त्या रात्रीच सगळे नेपथ्य उतरवायचे, स्क्रू वेगळे, फळ्या वेगळ्या, जमीन पुन्हा काळी रंगवायची. याला ते 'स्ट्राइक' म्हणतात आणि त्यातून नटांना सूट नसते. आमच्याकडे त्या वेळी मुख्य नट फोटो काढून घेत असतात आणि फ्लॅट उचलायला कमिटीतले दोन काका उरतात.

हे वातावरण आपल्याला परके वाटायचे कारण नाही. १९७४ च्या सुमारास अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले, तेव्हा तिथे तरी काय होते? शाळेचा साधा हॉल, मोजके प्रेक्षक, हाताशी असेल त्यात केलेले नेपथ्य. पण प्रयोग पुनःपुन्हा करता येत होते आणि फसले तरी कुणाचे दिवाळे निघत नव्हते. मराठी प्रायोगिक नाटकाची एक अख्खी पिढी त्या हॉलने सांभाळली. पुण्यात सुदर्शन रंगमंचाने हेच काम केले. लहान जागेला आपण कमीपणा मानत नव्हतो. तो मानायला आपण बहुधा इथे येऊन शिकलो.

आता व्यवहाराचे. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला नागरी केंद्राचा दर्जा आहे. वर्गांना अडचण होत नसेल तेव्हा स्थानिक संस्था सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी तिथली जागा मागू शकतात. फुकट मिळेलच असे नाही. भाडे पडते, विमा लागतो, कॉलेजचा तंत्रज्ञ ठेवावा लागतो. पण भाड्याने जागा घेणे हा माझ्या मते दुय्यम मार्ग. पहिला मार्ग वर्गात नाव घालण्याचा. राज्याच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटचा प्रकाशयोजनेचा किंवा नेपथ्यनिर्मितीचा वर्ग १३८ डॉलरमध्ये, वर किरकोळ शुल्क. एवढ्यात चार जणांचे एक जेवणही धड होत नाही. एच-४ व्हिसावर घरी बसून कंटाळलेल्या किती तरी गुणी मुली मी ओळखतो. नोकरीला बंदी असली तरी शिकायला नाही.

शिवाय गरज एकतर्फी नाही. हे नाट्य विभाग सध्या अडचणीत आहेत. पूर्वी गावातले हौशी नट, निवृत्त शिक्षक वगैरे दर सत्रात त्याच वर्गात नाव नोंदवून नाटकांत उभे राहायचे. २०१३ पासून राज्याच्या नियमाने उत्तीर्ण झालेला असा वर्ग साधारणपणे पुन्हा घेता येत नाही आणि एकाच प्रकारच्या वर्गांच्या गटातले जास्तीत जास्त चार वर्ग घेता येतील अशी मर्यादा आली. त्यानंतर २०२५ च्या शरद सत्रापासून विद्यापीठात बदली घेण्यासाठीचा सामायिक अभ्यासक्रम बदलला. कला आणि मानव्यविद्या मिळून तीन विषय लागत, तिथे आता दोन पुरतात. भावी इंजिनियर ज्या 'नाटकाची ओळख' वर्गात गर्दी करायचे, त्याच्यावर याचा परिणाम होणारच. पट कमी झाला की वर्ग रद्द होतो. अशा वेळी एका मंडळाने पंधरा विद्यार्थी आणि दर प्रयोगाला चाळीस प्रेक्षक दिले, तर विभागप्रमुख आपले स्वागत करतील.

आणि आपले पालक. मुलाने नाटक शिकायचे म्हटले की घरात शोककळा पसरते. त्यातून ते कम्युनिटी कॉलेजात म्हटले की दुहेरी. त्यांच्यासाठी एकच दाखला. टॉम हँक्स आमच्या जवळच्या हेवर्डच्या शॅबो कॉलेजात १९७४ ते ७६ शिकला. तेव्हा शिक्षणशुल्क नव्हते. ते १९८४ मध्ये सुरू झाले. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षे मोफत करण्याची योजना ओबामांनी मांडली, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून आपल्या यशाचे श्रेय या कॉलेजला दिले. आपले प्रत्येक पोर हँक्स होणार नाही. पण अंधारात हेडफोन लावून तीस माणसांचे काम वेळेवर हलवणारी ती मुलगी उद्या कुठल्याही कचेरीत उपाशी मरणार नाही.

माझी मागणी अशी. पुढच्या अधिवेशनात मोठे नाटक बोलवाच, पण त्याच्या जोडीला एक स्थानिक नाटक असे निवडा, ज्याचे आधी लहान रंगमंचावर किमान आठ प्रयोग झालेले असतील. ही अट आताच जाहीर करा, म्हणजे मंडळांना तयारीला वेळ मिळेल. अधिवेशनाच्या अंदाजपत्रकातला छोटासा हिस्सा बाजूला काढा आणि प्रकाशयोजना, ध्वनी किंवा नेपथ्याचा वर्ग घेणाऱ्या सभासदांचे शुल्क भरा. अभिनयाचे नको, नट आपल्याकडे उदंड आहेत. संलग्न मंडळांना पत्र पाठवून आपापल्या गावच्या कॉलेजातल्या नाट्य विभागाला एकदा भेट द्यायला सांगा. गावोगावच्या मराठी शाळांना तुम्ही एकत्र बांधले, त्यापुढे हे काम फार मोठे नाही.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरले ते सर्व मंडळांना कळवावे, ही विनंती.

आपला,
सॅन होजेचा एक सभासद