दचकला, म्हणजे ऐकू येतं?

जानेवारी महिना. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा ऐन रंगात आलेली. होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू होतं आणि आम्ही सगळे आमच्या गच्चीवर जमलो होतो. तीन महिन्यांचे आमचे चिरंजीव शालीत गुंडाळून आजीच्या कुशीत. एक दणदणीत बार झाला आणि साहेबांनी दोन्ही हात फेकून असं काही भोकाड पसरलं म्हणता! सासूबाई विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळल्या. ''बघ! उगाच टेन्शन घेतेस. चांगलं ऐकू येतंय पोराला.''

मलाही ते हवंच होतं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ. हे महाशय तेहेतिसाव्या आठवड्यातच हजर झाले. मग एनआयसीयू, काचेची पेटी, कावीळ, निळा लाइट, इन्फेक्शन, इंजेक्शनं. अठरा दिवसांनी घरी आले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर वजनापासून व्हिटॅमिनच्या थेंबांपर्यंत सगळं होतं. कान हा शब्द मात्र कुठेच नव्हता. आम्हीही विचारलं नाही. श्वास चालतोय ना, दूध पचतंय ना, एवढ्यातच आमचं जग संपलं होतं.

शंका आली ती खुळखुळ्यामुळे. समोर हलवला की हसायचा, पाठीमागून वाजवला की ढिम्म. मग सुरू झाल्या आमच्या घरगुती टेस्ट. ताट आपट, टाळी वाजव, कुकरची शिट्टी दे. कधी वळायचा, कधी नाही. पुढे एका ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सांगितलं की या टेस्ट फसव्या असतात. ताट आपटलं की जमीन हादरते, टाळी वाजवली की वारा लागतो, सावली हलते. बाळ त्यालाही प्रतिसाद देतं. आणि फटाक्याचं म्हणाल तर तो शंभर डेसिबलच्याही वर जातो. आपलं साधं बोलणं साधारण साठच्या आसपास असतं. म्हणजे बार ऐकू येणाऱ्या बाळाला आईचं बोलणं ऐकू येतंच असं नाही!

मग ओएई नावाची टेस्ट झाली. कानात छोटीशी पिन ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा प्रतिध्वनी मोजतात. दोन मिनिटांचं काम. रिपोर्ट आला 'रेफर'. माझ्या पोटात गोळा. बाई म्हणाल्या, रेफर म्हणजे बहिरा नव्हे. कानात मळ किंवा पाणी असलं, बाळ रडत असलं, तरी असं येतं. पुन्हा करू. पुन्हा केली. पुन्हा रेफर.

आता बेरा टेस्ट. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूच्या दिशेनं नीट पोचतोय का ते बघतात. एनआयसीयूत राहिलेल्या बाळांची ही टेस्ट ओएई पास झाली तरी करावी लागते, कारण कधीकधी कान ठीक असतो आणि पुढची नस काम करत नाही. तीव्र काविळीनंतर असं होऊ शकतं.

घरात मात्र दोन पार्ट्या पडल्या. सासूबाईंच्या मते पोराचा काका तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आज कोर्टात त्याचं तोंड बंद करता येत नाही. नवरा म्हणाला, ''दोन महिने थांबू या ना. इतकी सुया-सलाईन झाली त्याला, आता पुरे.'' मी चिडले, तो चिडला. रात्री उशिरा हळूच म्हणाला, ''रिपोर्ट खराब आला तर काय करायचं गं?'' तेव्हा कळलं की तो टेस्टला विरोध करत नव्हताच. घाबरला होता. माझ्याइतकाच.

पण थांबण्यात खरी गोम आहे. जगभर डॉक्टर १-३-६ चा हिशेब सांगतात: एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. कारण भाषा शिकायची मेंदूची घाई पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त असते. आपण थांबतो, ती घाई थांबत नाही.

बहीण पुण्यात, तारीखही तिथे लवकर मिळाली. निघालो सकाळच्या हुतात्मानं. आता गंमत ऐका. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं, म्हणून त्याला आधी जागं ठेवायचं. हुतात्माच्या डब्यात! कुर्डुवाडी येईपर्यंत अर्ध्या डब्यानं त्याला घेतलं होतं आणि जो तो झोपवायलाच बघत होता. ''अगं, झोप आलीय लेकराला, दे इकडे.'' कारण सांगितल्यावर मात्र डबा आमच्या बाजूनं झाला. दौंडपर्यंत एक आजोबा त्याच्यासमोर चाव्या नाचवत राहिले.

रिपोर्ट आला: दोन्ही कानांत मध्यम, साधारण ५५ डेसिबलचा दोष. श्रवणयंत्रं लावायची, तीही दोन्ही कानांना, झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर. आणि भरपूर बोलायचं.

मास कॉमला आम्हाला सेंडर, चॅनेल, रिसीव्हर आणि मधला 'नॉइज' घोकायला लावायचे. घरी आल्यावर पहिल्यांदा ते मॉडेल कळलं. टीव्ही बंद, मिक्सर लांब, बाळाच्या जवळ जाऊन, तोंडावर उजेड पडेल असं बसून बोलायचं.

याच दिवसांत लुईस ट्रेसीबद्दल वाचलं. हॉलिवूडच्या स्पेन्सर ट्रेसीची बायको. त्यांचा मुलगा जॉन १९२४ चा. तो दहाएक महिन्यांचा असताना दार धाडकन आपटलं आणि तो झोपेतून हललासुद्धा नाही, तेव्हा तिला कळलं. पुढे १९४२ मध्ये तिनं लॉस एंजेलिसमध्ये जॉन ट्रेसी क्लिनिक काढलं आणि जगभरच्या आईबापांना पोस्टानं फुकट धडे पाठवले. उपचार मुलावर, पण शिकवणी आईबापांची. सॉलिड बाई!

आपल्याकडेही सोयी आहेत, विचारायला मात्र हवं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी येते. यंत्रांनी भागत नसलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. त्याचं काम मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बघते. आणि तुमचं किंवा मैत्रिणीचं बाळ एनआयसीयूतून घरी येणार असेल, तर एवढा एकच प्रश्न विचारा: ''कानांची टेस्ट झाली का?''

आमच्याकडे यंत्रं आली ती साडेसहाव्या महिन्यात. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. साहेबांनी एक उपटून थेट तोंडात घातलं. मग टोपी, दोरी, क्लिप असं युद्ध तीन आठवडे चाललं. शेजारच्या काकूंनी ''अरेरे'' म्हटलं, त्यांना मी चष्म्याचं उदाहरण दिलं. सासूबाई गप्पच होत्या.

परवा दुपारी तो त्यांच्या मांडीवर पेंगला. यंत्रं काढायच्या आधीच नवऱ्यानं दारातून मोठ्यानं काहीतरी विचारलं. त्याचं बाळाला काही नाही. पण सासूबाई बोट ओठांवर ठेवून अगदी हलकेच म्हणाल्या, ''श्श! झोपलाय.''

त्यानं डोळे उघडले आणि मान वर करून आजीच्या तोंडाकडे बघितलं.

बार नाही, ताट नाही. नुसतं 'श्श'. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, पण या वेळी विजयी मुद्रा नव्हती. पदरानं डोळे पुसून त्या पुन्हा म्हणाल्या, ''श्श.''

बाळ कसलं झोपतंय आता!