आमच्या हातून पाप होतच नाही, असं सांगणाऱ्यांना

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत धर्मावर कोणी बोलत नाही. डबे उघडतात, भाजीची देवाणघेवाण होते, महागाई भत्त्याची चौकशी होते, घंटा वाजते. त्यामुळे माझ्या शेजारी बसणाऱ्या ख्रिस्ती बाईंनी एक दिवस हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्यात माणूस तौबा करून परत चुकला तर काय म्हणतात?" तेव्हा मला क्षणभर उत्तरच सुचलं नाही.

विषय त्यांच्या धाकट्या भावाचा होता. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी असतो. दारू फार होती. एका नव्या प्रार्थनासभेत जाऊ लागला, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षं थेंबालाही शिवला नाही. मग एका लग्नात घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच पाळकांकडे जाऊन रडला. पाळक म्हणाले, ज्याचा नवा जन्म झाला तो पाप करत नाही. तू केलंस, म्हणजे तुझा नवा जन्म झालाच नव्हता. भाऊ घरी आला आणि त्याने पुन्हा बाटली जवळ केली. आता त्याचं म्हणणं असं, की आपण त्यांच्यातले नव्हतोच, तर सोडायची कशासाठी?

बाईंना मी काय सांगितलं ते पुढे येईल. आधी त्या पाळकांशी दोन शब्द.

पाळकसाहेब, मी मुसलमान आहे. हजरत ईसा (अ.) यांनी दुसऱ्यांच्या पापाचा भार उचलला हे मी मानत नाही. कोणी कोणाचं ओझं वाहत नाही, ही कुरआनची शिकवण आहे. माणूस जन्मतःच पापी असतो हेही आम्हाला मान्य नाही. हा आपला जुना मतभेद आहे आणि तो असाच राहील. पण तुम्ही त्या मुलाला जे सांगितलंत, ते तुमच्याच धर्माच्या हिशेबात बसत नाही, म्हणून मला बोलावं लागतंय.

तुमचा आधार योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. देवापासून जन्मलेला पाप करत नाही, अशा अर्थाचं तिथे लिहिलंय खरं. पण त्याच पत्राचा पहिला अध्याय सांगतो, की आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो. आणि कबूल केलं तर क्षमा आहे. पत्र एकच, लिहिणारा एकच. मी शाळेत मुलांना सांगते, उताऱ्याखालचे प्रश्न सोडवायचे तर आधी अख्खा उतारा वाचा. तुम्ही पान उलटून तिसऱ्या अध्यायावर गेलात आणि पहिला त्या मुलाला दाखवलाच नाहीत.

हा वाद तुमच्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या अपराधांची क्षमा कर' अशी याचना आहे. काही जण म्हणू लागले की संत ती स्वतःसाठी करत नाहीत, इतरांसाठी करतात. सन ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने हे मत धिक्कारलं. संतांनीही ती याचना स्वतःसाठी आणि खरेपणाने करायची आहे, असं ठरलं. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी पुन्हा मांडलं की विश्वासणारा याच आयुष्यात प्रेमाच्या पूर्णतेला पोचू शकतो. पण नकळत होणाऱ्या चुका त्यांनी त्यातून वगळल्या होत्या, आणि आपण त्या पायरीला पोचलो असा दावा त्यांनी स्वतःसाठी केला नाही. गुरूने जे स्वतःबद्दल म्हटलं नाही, ते शिष्यांच्या शिष्यांनी एका दारुड्याकडून मागावं, तेही दोन वर्षांत?

आपल्याच मुलखात बघा. जून १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं धर्मजागरण झालं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तिथे होत्या आणि त्यांतल्या अनेकींचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता. तिथेच काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या मेथडिस्ट बाईंनी पुढच्या वर्षी पवित्र आत्म्याच्या अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तक लिहिलं. पण त्या अग्नीत मुलींनी केलं काय? त्या आपली पापं आठवून, मोजून, मोठ्याने रडत कबूल करत होत्या. आनंद आला तो त्यानंतर. बाप्तिस्म्यानंतरही सांगायला पाप उरलं म्हणून रमाबाईंनी त्यांना मुक्तीबाहेर काढलं असतं, तर केडगावचं नाव आज कोणी घेतलं नसतं.

आणि साताऱ्यालाच तर रेव्हरंड टिळक होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, त्यानंतर बावीस वर्षांची सेवा, महाराष्ट्रभर कवी म्हणून नाव. इतकं झाल्यावर माणसाने म्हणावं, पोचलो. ते १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला आले, संन्याशासारखे राहू लागले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पंचावन्न उलटल्यावर पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात करणारा माणूस स्वतःला पूर्ण झालेला समजत नसतो. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते वारले. ते कसे होते हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय: तापट, भोळे, घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता देऊन टाकणारे. आपला सोवळेपणा कसा आणि किती उशिरा गेला, हेही त्या लपवत नाहीत. वर्गात ते पुस्तक वाचून दाखवताना मुलं हसतात आणि मग एकदम गप्प होतात. टिळकांच्या मोठेपणाला त्या रागाच्या वर्णनाने काडीचा धक्का लागलेला नाही.

हे वाचून आमच्यातले काही खूश होतील, की बघा, ख्रिस्ती लोकांचं कसं उघडं पडलं. थांबा जरा. 'त्यांचं बरं असतं, आठवडाभर पाप करा आणि रविवारी धुऊन टाका' हे वाक्य मी मिरजेत, सांगलीत, लग्नाच्या पंगतीत कितीदा ऐकलंय. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरची बाळंतपणं मिशन हॉस्पिटलात झालेली असतात. सुरे मायदामध्ये स्वतःला नसारा म्हणवणारे आपल्याला प्रेमाने सर्वांत जवळचे आहेत असं आलंय, आणि कारण असं दिलंय की त्यांच्यात विद्वान आणि संन्यासी आहेत व ते गर्व करत नाहीत. आता आपला गर्व बघा. मकबूल हजनंतर माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा होतो, ही हदीस सर्वांना पाठ आहे. आमच्या नात्यातले एक गृहस्थ हजहून आले, गळ्यात हार पडले, बिर्याणी झाली. बहिणीने वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा मागितला तर म्हणाले, "माझं सगळं माफ झालंय, तू जुनं कशाला उकरतेस?" बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलाय. बंद्याचा हक्क बंद्याने सोडल्याशिवाय सुटत नाही, हे मदरशातलं पोरही सांगेल. हाजीसाहेबांचा 'नवा जन्म' आणि पाळकसाहेबांचा 'नवा जन्म' यांत मला फार अंतर दिसत नाही. एकाने त्यातून बहिणीचा हक्क बुडवला, दुसऱ्याने एक माणूस बुडवला.

प्रेषित मुहम्मद (स.) दिवसातून सत्तरहून जास्त वेळा इस्तिग्फार करत. आम्ही त्यांना मासूम मानतो, तरीही. नमाजचा सलाम फिरवला की पहिला शब्द ओठांवर येतो तो क्षमायाचनेचा. म्हणजे नुकतीच केलेली इबादतसुद्धा आम्ही पुरी धरत नाही. आणि कुरआनात बजावलंय की स्वतःच्या पवित्रतेच्या गोष्टी करू नका, कोण परहेजगार आहे ते अल्लाह जाणतो.

मग ख्रिस्ती माणूस पवित्र जगू शकतो की नाही? माझ्या मते जगू शकतो, आणि असे जगलेले मी पाहिलेत. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई त्यांतल्याच आहेत. पण आपल्या हातून पाप होत नाही असं त्या कधी म्हणत नाहीत. गेल्या परीक्षेत एका मुलाला चुकून दोन गुण कमी पडले, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या वर्गासमोर त्याची माफी मागितली.

त्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं, की आमच्यात चुकणाऱ्याला पुन्हा तौबा करायला सांगतात, आणि परत चुकला तर परत. मोजत नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्यातही तसंच होतं हो, माझ्या लहानपणी." घंटा झाली, आम्ही आपापल्या तासाला गेलो.

भाऊ त्या सभेला गेला नाही तो नाहीच. मागच्या महिन्यात बाई गावी गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्यासोबत जुन्या देवळात आला. ते लोक चर्चला देऊळच म्हणतात. शेवटच्या बाकावर बसला. तोंडाला वास होता, म्हणाल्या, पण प्रभूची प्रार्थना त्याने शेवटपर्यंत म्हटली.